घाटावर धुणं, घाटाखाली वाळवण

नांदुऱ्याला वैशाखातल्या दुपारी नऊवारी दोरीवर टाकायला घ्यावी, तर पदर दोरीवर जाईपर्यंत दुसरं टोक कडकडीत झालेलं असतं. तिथलं ऊन नुसतं पडत नाही. थकबाकी वसूल करायला आल्यासारखं ते अंगणात ठाण मांडून बसतं आणि ओलाव्याचा शेवटचा थेंब मिळाल्याशिवाय उठत नाही. अशा जिल्ह्यात कुणी कपडे वाळवायचं यंत्र विकायला ठेवावं, याचं मला आधी हसू आलं आणि मग त्या माणसाच्या आशावादाबद्दल माया वाटली. बुलढाण्यातल्या एका दुकानात ते उभं आहे. गोल काचेचं दार, चांदीसारखा रंग आणि अंगावर विमानात असावीत तेवढी बटणं. एकाच पोटात ते कपडे धुतं आणि त्याच पोटात वाळवतं. दुकानातला मुलगा मोठ्या उत्साहानं म्हणाला, "काकू, रात्री टाकायचे, सकाळी थेट कपाटात ठेवायचे." मी विचारलं, "धुतं किती?" "आठ किलो." "आणि वाळवतं किती?" "पाच." "मग राहिलेले तीन किलो?" तो जरासा थांबला आणि त्यानं काचेबाहेरच्या रणरणत्या उन्हाकडे नुसता हात केला.

या जातीच्या यंत्राचा हा फार जुना स्वभाव आहे. धुवायला कपडे पिंपात ठासून भरता येतात, पण वाळायला त्यांना उडायला, पसरायला, एकमेकांपासून दूर जायला जागा लागते. म्हणून वाळवायच्या वेळी दार उघडून निम्मी मंडळी बाहेर काढावी लागतात. शिवाय यातल्या पुष्कळ यंत्रांत कपड्यांतून निघालेली वाफ थंड करायला आतून गार पाणी सोडतात. म्हणजे कपडे वाळवायला पाणी लागतं. हे मी आमच्या गल्लीत सांगितलं तेव्हा कुणाचा विश्वास बसला नाही. ज्या गावात नळ येण्याचा दिवस सणासारखा लक्षात ठेवतात, तिथं कोरडेपणासाठी पाणी खर्चायचं ही गोष्ट एखाद्या कूटप्रश्नासारखी वाटली तर नवल नाही.

अमेरिकेत बेंडिक्स नावाच्या कंपनीनं १९३७ साली घरगुती स्वयंचलित धुलाईयंत्र काढलं. ते इतकं थरथरायचं, की जमिनीला बोल्टानं जखडून ठेवावं लागे. पुढं १९५३ मध्ये याच बेंडिक्सनं धुणारं आणि वाळवणारं असं एकत्र यंत्र आणलं, त्याचं नाव ड्युओमॅटिक. दुसऱ्या कंपन्यांनीही मग आपापली जोडयंत्रं काढली. ती दिसायला देखणी होती आणि जाहिरातीतल्या बायका त्यांच्याशेजारी मोत्यांच्या माळा घालून उभ्या असायच्या. पण आत मोटर, पट्टे, तापवायची तार, पंखा, पाण्याच्या झडपा असं दोन संसारांचं सामान एकाच खोलीत कोंबलेलं. त्यात कपड्यांचे तंतू जाऊन बसत. एकाचं दुखणं निघालं की दुसराही अंथरुणाला खिळे. सत्तरच्या दशकापर्यंत तिकडे ही जात मावळत गेली. आता काही हौशी लोक ती जुनी यंत्रं तळघरात जपून ठेवतात, घासूनपुसून चालवतात आणि त्यांच्या आवाजावर खूष होतात. हा शौक मला परका वाटत नाही. आमच्याकडे जुन्या रेडिओला कुणी भंगारात घालत नाही, त्यावर क्रोशाचा रुमाल घालतात.

त्याच अमेरिकेत मेटॅग कंपनीची एक जाहिरात १९६७ पासून गाजली. तिच्यात जेसी व्हाइट नावाचा नट दुरुस्तीवाला झाला होता, आणि यंत्रं कधी बिघडतच नाहीत म्हणून तो बिचारा एकटा, उदास बसून असायचा. विश्वासार्हतेची ही कल्पना मला कधी पटली नाही. आमचे मिस्त्री एकटे पडले आहेत असं मी कधी पाहिलं नाही. ते येतात ते पाटाशेजारच्या पाहुण्यासारखे येतात, चहा घेतात, मुलाच्या बारावीची चौकशी करतात, मागच्या पावसात कुणाची भिंत पडली ते सांगतात आणि मग यंत्राकडे वळून म्हणतात, "काही नाही झालं वहिनी, बेल्ट ढिला झाला." कधीच काही झालेलं नसतं. कधी बेल्ट ढिला असतो, कधी कंडेन्सर गेलेला असतो, कधी ब्रेकची तार तुटलेली असते. जे यंत्र कधी बिघडत नाही त्याच्यावर विश्वास ठेवण्यात कसली मर्दुमकी? मला तर ज्याचा बिघाड चौकात पायी जाऊन दुरुस्त होतो तेच यंत्र भरवशाचं वाटतं.

आमचं यंत्र म्हणजे दोन टबांचं, ज्याला सगळे सेमी-ऑटोमॅटिक म्हणतात ते. डाव्या टबात धुवायचं, उजव्या टबात पिळायचं. या उजव्या टबाला महाराष्ट्रभर ड्रायर म्हणतात, पण त्यात ना तार तापते, ना वारा वाहतो. तो कपड्यांना नुसता गरगर फिरवतो, आणि त्या घेरीत पाणी भोकांवाटे बाहेर फेकलं जातं. बाहेर येतात ते कपडे चुरगाळलेले, दमट आणि भोवळ आलेले असतात. वाळायला त्यांना शेवटी दोरीवरच जावं लागतं. नव्वदच्या दशकात ही यंत्रं गावोगावी आली. व्हिडिओकॉन तर शेजारच्या, तेव्हाच्या औरंगाबादचीच कंपनी. तिच्या धुलाईयंत्राची दूरदर्शनवरची चाल ज्यांच्या घरी यंत्र नव्हतं त्यांनाही पाठ होती, उलट त्यांनाच जास्त पाठ होती. २०१८ मध्ये त्या कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढं गेलं, पण त्या काळातली तिची यंत्रं अजून कुठंकुठं परसदारी साबणाचा फेस काढत उभी दिसतात. आमच्या यंत्रावरची अक्षरं मात्र केव्हाच पुसली गेली, त्यामुळं त्याचं कुळ विचारू नये.

ते घरात आलं तेव्हा माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, पाटावर बसून त्याची परीक्षा घेत होत्या. मामंजींनी मोठ्या कौतुकानं सांगितलं की पाणी आपण भरायचं, साबण आपण टाकायचा, बटण आपण फिरवायचं, मग कपडे या टबातून त्या टबात आपण टाकायचे, आणि बाकी सगळं ते आपोआप करतं. आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अर्धं काम त्याचं अन् अर्धं आपलं. मंग नवऱ्यात अन् याच्यात फरक काय वं?" मामंजी वर्तमानपत्राच्या मागे गेले ते संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत.

आत्याबाईंचं माहेर जळगाव जामोदच्या अंगाला, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी भांडतात आणि फेसाऐवजी पांढरट चिकट साका तयार होतो. म्हणून पाणी कसं आहे हे त्या चवीवरून नाही, फेसावरून ठरवायच्या. लग्न होऊन घाटावर आल्या आणि पहिल्यांदा धुणं धुताना बादलीभर फेस आला, तेव्हा त्या घाबरल्या होत्या म्हणे. एवढा फेस म्हणजे काहीतरी जास्त सांडलं असणार, सासू रागावेल. ही गोष्ट त्या हसत सांगायच्या, पण सांगताना हात अजूनही पदराला पुसायच्या.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे घाटाखाली. मध्ये अजिंठ्याच्या रांगेची धार. खाली क्षारांचं जड पाणी आणि निखाऱ्याचं ऊन, तर वर गार हवा, धुकं आणि तिरका पाऊस. आणि गंमत अशी, की जड पाणी मऊ करणारा सोडा निसर्गानं ठेवला तो खाली नाही, वर, लोणारला. उल्का पडून झालेल्या त्या तळ्याच्या खारात मुख्य भाग सोडियम कार्बोनेटचा, म्हणजे आपल्या धुण्याच्या सोड्याचा. अबुल फजलनं सोळाव्या शतकाच्या अखेरीस ऐन-ए-अकबरीत या भागाविषयी लिहिताना नोंद केली, की काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथं मिळतं. पुढं तळ्याच्या काठी खार गोळा करायचा मोठा उद्योगच होता. आणि आपल्या काळात हिंदुस्तान लिव्हरनं साबणाचा कारखाना काढला तो आमच्याच जिल्ह्यात, खामगावला. हे सगळं ओळीनं मांडलं की मला वाटतं, हा जिल्हाच मुळी दोन टबांचा आहे. धुवायचा टब वर आहे, वाळवायचा टब खाली आहे, आणि मधलं नेणं-आणणं माणसावर सोपवलं आहे.

हे मी अलंकारिक बोलत नाही. श्रावणात बुलढाण्याला झड लागली की कपडे वाळत नाहीत, नुसते म्हातारे होतात. ओसरीत, माजघरात, खिडकीच्या गजांना, देवघराच्या दाराला, सगळीकडे कपडे लोंबतात आणि घरभर आंबूस वास फिरतो. अशा एका झडीत आत्याबाईंनी गोधड्यांच्या खोळी आणि चादरी पिळून गाठोडं बांधलं, ते कडेवर घेतलं आणि मलकापूरच्या एसटीत बसल्या. राजूर घाट उतरला की पाऊस मागं राहतो. मलकापूरला त्यांची धाकटी बहीण. दुपारपर्यंत गच्चीवर सगळं वाळलं, घड्या झाल्या, भाकरी-ठेचा झाला, आणि संध्याकाळच्या गाडीनं कोरडं गाठोडं घेऊन त्या घाट चढून परत आल्या. वाहकानं जाताना सामानाचं तिकीट मागितलं होतं, येताना मागितलं नाही. यावर आत्याबाईंचं म्हणणं असं, की वजन पाण्याचं होतं, ते मलकापुरातच उतरलं. कोणत्याही कंपनीनं याहून मोठं जोडयंत्र आजवर बांधलेलं नाही.

घरातल्या यंत्राचा खरा गुण मात्र दुष्काळात कळला. पूर्ण स्वयंचलित यंत्र नळाला जोडावं लागतं, त्याला पाण्याचा दाब लागतो, आणि दर वेळी ते नवं पाणी घेऊन जुनं टाकून देतं. आमच्या दोन टबांच्या यंत्राला बादलीनं भरवलं तरी चालतं, आणि एकच साबणपाणी किती घाण्यांना पुरवावं हे घरची बाई ठरवते. आत्याबाईंनी त्यात मानपान घालून दिला होता. पहिला घाणा मामंजींची धोतरं आणि पांढरे सदरे. त्याच पाण्यात दुसरा घाणा शाळेचे गणवेश. मग रंगीत लुगडी, मग चादरी, आणि सगळ्यात शेवटी पायपुसणी. तोवर पाण्याचा रंग उकळलेल्या चहासारखा झालेला असे, आणि तेही पाणी वाया न जाता परसातली फरशी धुऊन मगच मोरीत जाई. पैनगंगेवरच्या ज्या येळगाव धरणातून आमच्या गावाला पाणी येतं, त्याचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी चढलं की ते पाण्याच्याच दाबानं आपोआप उघडतात, वीज लागत नाही, बटण लागत नाही. धरण भरलं की लोक ते बघायला हौसेनं जातात. गावात पूर्ण ऑटोमॅटिक म्हणावं असं ते एकच, आणि तेही चांगला पाऊस झाला तरच चालतं.

विजेचंही तसंच. भारनियमनाच्या दिवसांत वीज जाई ती बरोबर घाणा अर्ध्यात असताना. पण यंत्राचं घड्याळ चावीवर चालणारं, कमानीचं. वीज गेली, पाणी थांबलं, कपडे बुडून निपचित पडले, तरी ते घड्याळ टिकटिक करत पुढं सरकत राही आणि न झालेल्या धुण्याची मिनिटं मोठ्या निष्ठेनं मोजून पूर्ण करी. शून्यावर आल्यावर समाधानानं खट् असा आवाज करून थांबे. मामंजी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यांना या घड्याळाबद्दल फार आपुलकी होती.

पुढं पुढं यंत्राचे अवयव थकले आणि घरातल्या वस्तू एकेक करून त्याच्या मदतीला आल्या. ड्रायरचं झाकण नीट बसलं नाही तर आतला स्विच लागत नाही, म्हणून झाकणावर वरवंटा ठेवायची पद्धत पडली. मिक्सर आल्यापासून तो रिकामाच होता, त्याला पुन्हा नोकरी लागली. घड्याळाच्या चकतीवरचे आकडे उडाले, तेव्हा "पूर्वी जिथं नऊ होता तिथं लाव" अशी सूचना घरात रूढ झाली. पाहुण्या आलेल्या माझ्या बहिणीनं विचारलं, "पण नऊ कुठं होता?" तिला काय सांगणार? आणि कपडे एका बाजूला गोळा झाले की ड्रायर धडधडत जागचा हले, भिंतीकडे चालू लागे. मग आत्याबाई खुर्ची ओढून शेजारी बसत आणि झाकणावर तळहात ठेवत. दाबायच्या नाहीत, नुसता ठेवायच्या, आणि म्हणायच्या, "हो, हो, माय, हो." माहेरी धार काढताना गाईशी बोलायच्या तसंच. आणि यंत्र बहुतेक वेळा शांत व्हायचं. त्यांच्या हाताचं वजन पडून समतोल साधत असणार, हे मला माहीत आहे. नंतरच्या वर्षांत त्यांना ऐकू कमी येऊ लागलं. धुणं झालं की नाही, पिळलं की नाही, हे मग त्यांना त्या हातालाच कळायचं. आम्ही दुसऱ्या खोलीतून ओरडून विचारायचो, त्यांना ते ऐकू यायचं नाही, पण ड्रायर थांबायच्या क्षणभर आधी त्या उठून उभ्या राहिलेल्या असायच्या.

दसऱ्याला यंत्राला झेंडूची माळ आणि झाकणावर कुंकवाचं स्वस्तिक. एका वर्षी ते कुंकू पुसायचं राहिलं आणि मामंजींचे सदरे गुलाबी झाले. ते तसेच घालून ते पेन्शनरांच्या सभेला गेले. तिथं त्यांना कुणी काही बोललं नाही, फक्त पुढच्या वेळी अध्यक्षपद दिलं.

उन्हाळ्यात वाळवणाच्या दिवसांत यंत्राला आणखी एक काम असे. बटाट्याच्या चकत्या स्वच्छ मलमलच्या फडक्यात सैल बांधून अर्धं मिनिट ड्रायरमध्ये फिरवल्या, की पाणी निघून जातं आणि वेफर्स लवकर वाळतात. त्याआधी टब तीनदा धुवावा लागे, आणि आत्याबाई तो चौथ्यांदा धुवायला लावायच्या. शेजारच्या बायकाही आपापली फडकी घेऊन येत. त्या दिवसांत आमच्या परसात जी गर्दी आणि जो हशा असे, तो पाहून मेटॅगच्या त्या उदास माणसाला चार दिवस इकडं बोलवावं असं मला फार वाटतं. निदान वेफर्स तरी खाऊन गेला असता.

डाव्या टबातून उजव्या टबात कपडे टाकायचं ते मधलं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं, आणि नवं जोडयंत्र नेमकं तेवढंच काम वाचवतं. पण त्या कामात घराची सगळी बातमी हाताला लागायची. खिसा चाचपायची सवय धुवायच्या आधी असायला हवी, पण आमच्याकडे ती नेहमी धुतल्यानंतर आठवायची. ओलं कापड उचललं की काहीतरी कडक लागे. मग खिशातून निघे भिजलेली दहाची नोट, एसटीचं तिकीट, चिंचोके, गोटी, एकदा वर्गशिक्षकांनी पालकांना भेटायला बोलावल्याची चिठ्ठी. शाई पसरली होती, पण "गणित" एवढं वाचता येत होतं. मामंजींच्या सदऱ्यात कधी कधी गोळ्यांची पट्टी निघायची. साखरेचं निदान त्यांनी आम्हाला सांगितलं त्याच्या कितीतरी आधी मला ते टबात कळलं होतं. मी त्यांना काही म्हटलं नाही. चहात साखर कमी घालू लागले, आणि तेही काही म्हणाले नाहीत.

मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या घरी ते काचेच्या दाराचं यंत्र आहे. रात्री टाकतो, सकाळी गरम कपडे घालून जातो. दिवाळीला आला तेव्हा त्याची जीन्स धुवायला घेतली, तर खिशाच्या कोपऱ्यात एक पांढरी टणक गोळी लागली, खडीसाखरेच्या खड्याएवढी. कागदच होता तो. कितीदा धुतला गेला, कितीदा भाजून निघाला, देव जाणे. उलगडायचा प्रयत्न केला तर त्याचा भुगा झाला. बिल होतं, तिकीट होतं, की कुणाचं पत्र होतं? पत्रं कोण लिहितं आता, बिलच असणार. त्याला विचारलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "माहीत नाही गं, मशीनमध्ये होतं असं काहीतरी." मला त्याचं वाईट वाटलं. त्याच्या घरात असं कुणीच नाही, ज्याला त्याच्याबद्दल काही चुकून कळेल.

तोच मागं लागला म्हणून आम्ही दोघं त्या दुकानात गेलो होतो. जुनं द्या, नवं घ्या, अशी योजना होती. मुलानं फॉर्म भरायला घेतला. त्यात एक रकाना होता: यंत्र चालू आहे की बंद. मी अभिमानानं म्हटलं, "चालू लिही." विक्रेत्यानं मान हलवली. "लिहा काकू, काहीही लिहा. पैसे तेवढेच मिळतात, चालू असो की बंद." मी म्हटलं, "पंचवीसेक वर्षं चाललेलं आहे." "तरी तेवढेच." "गेल्याच महिन्यात नवा बेल्ट बसवलाय." आता मुलगा माझ्या हाताला हलकेच स्पर्श करून "आई" म्हणाला. विक्रेता भला होता. त्यानं पेन खाली ठेवलं, इकडंतिकडं पाहिलं, मालक गल्ल्यावर नाही याची खात्री केली आणि हळूच विचारलं, "काकू, ते बेल्ट बसवणारे तुमचे मिस्त्री कुठं बसतात? आमच्या घरचं दोन महिने झाले बंद पडलंय." फॉर्मच्या पाठीमागे मी त्याला मिस्त्रींचा पत्ता लिहून दिला.